इंदूरकरांनो, माउंटन बाइक घेऊन कोकणात जायचंय? मग आधी उतरायला शिका

दिवाळी झाली की आपल्याकडे कोणी ना कोणी विचारतंच, एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतलीय, आता सह्याद्री आणि कोकण करायचं म्हणतोय, तयारी कशी करू? आणि लगेच पुढचा प्रश्न ठरलेला, घाट चढवेल ना? तर आधीच सांगतो, चढाचं टेन्शन घेऊच नका. चढावर दम लागला तर खाली उतरायचं, सायकल ढकलायची, पाणी प्यायचं, परत बसायचं, कोणी हसत नाही आणि हसलं तर हसू दे. चढावर माणूस पडला तरी ताशी पाचच्या स्पीडने पडतो, गुडघा खरचटतो, झालं. कॉलरबोन मोडते ती उतारावर, आणि कोकणात जायचं म्हणजे नुसते उतारच उतार, कारण तिथे रस्ता एका लेव्हलला राहतच नाही. खाडीपासून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या खडकाळ पठारावर, चढा, सड्यावरून परत खाडीत उतरा, पुढच्या गावाला जायचं तर तेच परत. नकाशावर समुद्रकिनाऱ्याचा रस्ता बघून वाटतं की सपाट असेल, मरीन ड्राइव्हसारखा निवांत, आणि तिथेच आपला इंदूरचा भिया फसतो.

म्हणून हा लेख नवीन लोकांसाठी, क्रमाने, सायकल घेण्यापासून ते परत आल्यावर धुण्यापर्यंत. ज्यांना सगळं येतं त्यांनी सरळ भरती-ओहोटीवर उडी मारली तरी चालेल.

आधी सायकल

हार्डटेल घ्या, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे काही नाही. कमी पैशात डबल सस्पेन्शनवाली मिळते, दिसायला एकदम जबरदस्त असते, पण त्या किमतीत मागची स्प्रिंग नुसती वजन वाढवते आणि चढावर दर पॅडलला सायकल खाली-वर डोलत राहते, अर्धी ताकद तिथेच वाया. पुढचा फोर्क १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, असला की नवीन माणसाला भरपूर झाला. चाक २७.५ इंची की २९ यावर लोक सराफ्यात रात्री एकपर्यंत वाद घालू शकतात, माझं मत विचाराल तर उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर २७.५ सांभाळायला सोपं, वर असेल तर २९, विषय संपला.

पैसे कमी पडत असतील तर गिअरमध्ये तडजोड करा, रंगात करा, सीटमध्ये करा, ब्रेकमध्ये अजिबात नको. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेकच हवेत. केबलवाले डिस्क ब्रेक इंदूरच्या रिंग रोडवर ठीक चालतात, पण लांब घाट उतरताना त्यांना सगळ्या बोटांनी आवळावं लागतं आणि अर्ध्या तासात मनगट बधिर होतं, मग नेमकं हवं तेव्हा दाबायला जोर उरत नाही. हायड्रॉलिक एका बोटाने दाबतो, बाकी तीन बोटं हँडल धरायला मोकळी. गिअरचं एवढंच बघा की मागचं सगळ्यात मोठं चक्र ४२ दातांचं किंवा त्याहून मोठं आहे की नाही, आणि नसेल तर पुढे दोन-तीन चक्र असलेली घ्या म्हणजे छोटं चक्र कामाला येतं.

साइज बघायला दुकानात सायकलचा मधला दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकून उभे राहा, दांडा आणि तुमच्यामध्ये निदान दोन इंच जागा राहिली पाहिजे. सीटची उंची अशी की टाच पॅडलवर ठेवून पॅडल एकदम खाली नेलं की पाय सरळ व्हावा. ही झाली चढायची उंची, उतारावर हीच सीट खाली घ्यायची असते, त्याचं पुढे येतंय.

एक बारकी गोष्ट जी दुकानदार सांगत नाही, ट्यूबचा व्हॉल्व. सायकलला बारीक, वरून स्क्रू असलेला व्हॉल्व असेल तर कोकणातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप त्याला बसत नाही. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा मिळते. बारीक असेल तर त्याचं छोटं पितळी अॅडाप्टर येतं, ते व्हॉल्वलाच लावून ठेवा, खिशात ठेवलं की हरवणारच.

हेल्मेट, बोटं झाकणारे ग्लोव्ह्ज, चष्मा. यावर जास्त बोलत नाही, हेल्मेट नसेल तर इथेच थांबा.

मैदानावरचं काम, जे सगळे टाळतात

चिमणबाग असो की दसरा मैदान, सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत पोचा. चुन्याने किंवा बुटाने मातीत एक रेघ मारा. लांबून ताशी वीसच्या आसपास या आणि रेघेवर ब्रेक सुरू करून किती अंतरात थांबता ते बघा. आधी फक्त मागचा ब्रेक लावून बघा, चाक लॉक होईल, घसरत लांबवर जाल. मग फक्त पुढचा, हळूहळू दाबत, झटका न देता. मग दोन्ही. दोन-चार फेऱ्यांत स्वतःच कळतं की सायकल थांबवायचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, आणि आपल्याला लहानपणी सगळ्यांनी सांगितलेलं असतं की पुढचा दाबू नकोस, उलटा होशील. उलटं होतं ते झटक्याने दाबल्यामुळे आणि शरीर पुढे गेल्यामुळे. ब्रेक लावताना कंबर मागे, हात थोडे वाकलेले, टाचा खाली, वजन पॅडलवर, मग हळूहळू जोर वाढवत दाबा, सायकल निमूट थांबते.

उताराची पोझिशन पण इथेच सपाटीवर पाठ करून घ्या. सीट तीन-चार इंच खाली. सीटवर बसायचं नाही, उभं राहायचं. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, एक पुढे एक मागे, म्हणजे खाली दगड आला तर पॅडल आपटत नाही. गुडघे आणि कोपरं ढिली, कोपरं बाहेर. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट. आणि नजर पुढच्या चाकावर नको, दहा-पंधरा मीटर पुढे हवी. हा नजरेचा भाग सगळ्यात अवघड आहे, कारण माणूस ज्या दगडाकडे बघतो त्याच दगडावर जातो, हे अगदी शंभर टक्के होतं, दगड चुकवायचा असेल तर दगडाच्या बाजूच्या जागेकडे बघायचं.

वळणाचा नियम, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात ब्रेक सोडलेला, बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि त्यावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिथे. वळणाच्या मध्यात बारीक खडीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक खालून निघून जातं, विचार करायला पण वेळ मिळत नाही.

आणि नवीन ब्रेक पॅड असतील तर घाटात जायच्या आधी बसवून घ्या, म्हणजे मध्यम स्पीडला येऊन जोरात दाबत जवळजवळ थांबायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. तोपर्यंत नवे पॅड अर्धेच लागतात.

हा सगळा खेळ जिथे सुरू झाला त्या कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीला पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्रच आहे. १९७० च्या दशकात तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या उतारावरून सुटायची, १९७६ पासून रेसच लावायला लागली, आणि त्या सायकलींना उलटं पॅडल मारलं की लागणारा मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातला, ब्रेक असायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरायला लागायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रॉब्लेम उताराचाच होता. आपल्या डिस्कचं पण तेच, पूर्ण उतारभर ब्रेक थोडा-थोडा दाबून धरला तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि किंचाळायला लागतात. जोरात दाबा, स्पीड पाडा, सोडा, थंड होऊ द्या, परत दाबा.

घरचे घाट

आपलं नशीब चांगलं आहे की इंदूर माळव्याच्या पठाराच्या काठावर आहे. महूच्या पुढे गेलं की पठार तुटतं आणि जमीन नर्मदेकडे उतरते, आणि तिथला काळा दगड म्हणजे सह्याद्रीतलाच बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्हाचा. त्यामुळे इथे खडकावर हात बसला तर सह्याद्रीत काही परकं वाटत नाही.

सुरुवात राऊ-महू-पातालपानी. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर होतात, फार चढ नाही, पॅडलची सवय होते, आणि आजूबाजूच्या शेतातल्या कच्च्या वाटांवर गिअर बदलायची प्रॅक्टिस होते. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा, चढाच्या मध्यात जोर लावून बदलला तर चेन कराकरा वाजते आणि एखाद्या दिवशी तुटते. रेल्वेलाईनच्या कडेकडेने किंवा बोगद्यातून जायचे व्हिडिओ लोक टाकतात, ते करू नका. पावसाळ्यात ओढे-नाले सायकलने ओलांडू नका, पाणी गुडघ्याएवढं दिसत असलं तरी. २०११ मध्ये पातालपानीला अचानक लोंढा आला आणि पिकनिकला आलेली माणसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहून गेली, वरती कुठे पाऊस झाला ते खाली उभ्या असलेल्याला कळत नाही. कालाकुंडला कधी गेलात तर स्टेशनवर पळसाच्या पानातलं कलाकंद खा, सायकलिंगशी याचा काही संबंध नाही, पण खा.

मग जानापाव. ८५४ मीटर, एबी रोड सोडून वर देवळापर्यंत पक्का रस्ता आहे आणि शेवटचा भाग चांगलाच उभा. इथे चढून जाणं ही अर्धी परीक्षा, खरी परीक्षा त्याच रस्त्याने सीट खाली करून, प्रत्येक वळणाआधी ब्रेक सोडून-धरून व्यवस्थित खाली येणं. हा उतार तीन-चार वेळा शांतपणे, हात न दुखता उतरता आला की तुम्ही कोकणासाठी तयार. कार्तिकी पौर्णिमेला वर जत्रा असते, त्या दिवशी नको. एबी रोडवर जेवढं कमी राहता येईल तेवढं राहा, आणि मानपूरच्या पुढचा नर्मदेकडे उतरणारा घाट सायकलने करायचा विचार सुद्धा नको, तिथे ट्रकचे ब्रेक फेल होऊन बरेच अपघात झालेले आहेत. खंडवा रोडचं पण तसंच, सिमरोलनंतर ट्रक आणि धूळ, चोरलला जायचं तर आतल्या गावांच्या रस्त्याने जा.

दोन सूचना इथल्याच. एक, महूच्या आसपास फौजेची फायरिंग रेंज आहे, बोर्ड दिसला की वाट कितीही छान असली तरी परत फिरायचं. दोन, काळी माती. पाऊस पडल्यावर दोन दिवस शेतवाटेवर गेलात तर माती टायरला, फोर्कला, ब्रेकला थापली जाते, चाक फिरायचंच बंद होतं आणि मग पंधरा किलोची सायकल तीस किलोची होऊन खांद्यावर बसते. सीझन ऑक्टोबरच्या मध्यापासून धरा.

जोडीला पंक्चर काढायला, चेन तुटली तर क्विक लिंक, म्हणजे हाताने जोडायची कडी, टाकायला आणि मागचं चाक काढून परत बसवायला शिका. घरी, गॅलरीत, आई ओरडेल त्या चादरीवर. यूट्यूब बघून येत नाही, हात काळे करावेच लागतात. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा, हँगर म्हणून एक छोटा अॅल्युमिनियमचा तुकडा असतो, सायकल उजव्या बाजूला पडली की तोच वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तुमच्या मॉडेलचा एक आधीच मागवून ठेवा, दिवेआगरला तो मिळणार नाही.

सायकल तिकडे न्यायची कशी

सगळ्यात सोपा रस्ता अवंतिका एक्सप्रेस. इंदूरहून संध्याकाळी निघते, पहाटे मुंबई सेंट्रल. तिथून भाऊचा धक्का पाच-सहा किलोमीटर, सकाळी लवकर सायकलनेच जाता येतं, आणि धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्यात गाड्यांबरोबर सायकल पण चढते. तासाभरात मांडवा, म्हणजे अलिबागच्या दारात, मुंबईचं ट्रॅफिक आणि गोवा हायवे दोन्ही चुकले. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, समुद्राचा मूड खराब असला की फेऱ्या बदलतात.

रेल्वेत बरोबरच्या सामानाला मापाची मर्यादा असते, १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर, सायकलची बॅग त्यात बसत नाही. म्हणून नियमाने पार्सल ऑफिसला जाऊन तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक करा, दोन तास आधी जा, पावती सांभाळा, पुठ्ठ्यावर नाव, फोन आणि कुठून कुठे ते मोठ्या अक्षरात लिहून दोन जागी बांधा. आणि गाडी सुटायच्या आधी स्वतः जाऊन बघा सायकल ब्रेकव्हॅनमध्ये चढली की नाही, कारण कधीकधी माणूस पोचतो आणि सायकल दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येते.

पुण्याकडून उतरायचं असेल तर पुण्याकडे जाणारी रेल्वे किंवा स्लीपर बस. बसमध्ये सायकल डिकीत जाते, किती पैसे ते क्लीनरशी चढायच्या आधी ठरवायचं, उतरताना नाही. चाकं काढा, सायकल गिअरची बाजू वर येईल अशी आडवी ठेवा, आणि चाक काढल्यावर ब्रेकच्या कॅलिपरमध्ये, जिथे डिस्क असते त्या फटीत, जाड पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा घडी करून सरकवा. प्रवासात कोणाची बॅग लीव्हरवर पडली आणि मध्ये डिस्क नसली तर दोन्ही पॅड एकमेकांना भिडतात, मग पहाटे पाचला बस स्टँडवर स्क्रू ड्रायव्हरने ते फाकवत बसायची वेळ येते.

पहिली ट्रिप कुठे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शक्यतो डिसेंबर-जानेवारी. मार्चपासून कोकणातली दमट हवा इंदूरच्या माणसाला झोपवते. आपल्याकडे ऊन कडक असतं पण घाम वाळतो, तिकडे वाळतच नाही, शरीर थंड होत नाही. तासाला निदान अर्धा लिटर पाणी, दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस. कोकम सरबत आणि शहाळं रस्त्यात मिळतंच.

नवीन लोकांना मी रायगडचा किनारा सांगतो, दक्षिणेकडे नंतर जा. पहिला दिवस मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, पन्नासच्या आसपास किलोमीटर. दुसरा दिवस काशीद ते मुरुड, राजपुरीवरून जंजिरा बघत आगरदांडा, तिथून फेरीबोटीने दिघी, मग चढ-उतार करत दिवेआगर. तिसरा दिवस दिवेआगर, आरावी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हा आरावीचा तुकडा समुद्राला अगदी चिकटून जातो आणि त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला असं वाटतं. आकडे बघून वाटेल चाळीस-पन्नास किलोमीटर म्हणजे काय, इंदूर-उज्जैन एवढे होतात, पण इथे चढ धरा, ऊन धरा, फेरीची वाट बघणं धरा, संध्याकाळी पाचपर्यंत मुक्कामाला पोचायचं धरा. चौथ्या दिवशी दम असेल तर बागमांडल्याहून फेरीने वेश्वी आणि वेळास, नसेल तर एसटीवर सायकल टाकून म्हसळ्यावरून माणगाव, तिथे कोकण रेल्वे आहे. एसटीत सायकलचं वेगळं तिकीट फाडतात, कंडक्टरकाकांशी गोड बोला, काम होतं.

फेरीवर चढताना-उतरताना सायकलवर बसू नका. लोखंडी रॅम्पवर शेवाळ आणि खारं पाणी असतं, तिथे माझ्यासमोर बुलेट आडव्या झालेल्या आहेत.

भरती, ओहोटी आणि कालनिर्णय

बीचवर सायकल चालवायची हौस सगळ्यांना असते आणि ती पुरी करता येते, फक्त वेळ कळली पाहिजे. ओल्या, घट्ट वाळूवर चाक मस्त पळतं, सुक्या वाळूत रुततं. आणि ओली घट्ट वाळू मिळते ओहोटीला. कोकणातली म्हातारी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीला पाऊणने गुणायचं. आज पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तर भरती साधारण पावणेचारला, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. मग साडेआठ ते अकरा बीचवर फिरा. घरातला कालनिर्णय उघडून ट्रिपच्या तारखा बघितल्या की सगळा हिशोब इंदूरमध्ये बसून होतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पोचल्यावर एखाद्या कोळीदादांना विचारून पक्कं करा.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, वाळू भरपूर मिळते पण परतीचं पाणी पण झपाट्याने येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. दोन खडकांच्या मधल्या बीचवर जाताना परतायची वाट कुठली ते आधी बघून ठेवा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकावर तर सायकल न्यायचीच नाही, आणि चालत जायचं ते पण ओहोटीलाच, तिथे लाटेने ओढून नेलेली माणसं आहेत.

वाळूत टायरची हवा कमी करायची. तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास आणि टायर २.२ इंची असेल तर रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय, कच्च्या वाटेवर २८, वाळूत १८-२०. वाळू संपल्यावर परत भरा, तशाच कमी हवेत दगडावर आदळलात तर ट्यूब रिम आणि दगडात चिमटून दोन भोकं शेजारीशेजारी पडतात. चाकं समुद्राच्या पाण्यात घालून फोटो काढू नका, बेअरिंगची वाट लागते.

वेळास आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, भरतीच्या रेषेच्या वरच्या सुक्या वाळूत. त्या पट्ट्यात चाक नको, रात्री तर बीचवर सायकलच नको.

सडा आणि जांभा

काळ्या बेसाल्टवर शिकलेल्या आपल्या लोकांना इथे नवीन काय तर जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड. सड्यावर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते आणि सुकी असताना तिच्यावरून वळणं म्हणजे गोट्यांवर चालणं. त्यामुळे सरळ असताना स्पीड पाडा, वळणात काहीही करू नका, ना ब्रेक ना जोरात पॅडल. पावसाळ्यात हाच सडा शेवाळाने इतका निसरडा होतो की चालता पण येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर सड्याचं नाव काढू नका, धबधब्याचे फोटो कितीही आले तरी.

रत्नागिरी-राजापूरकडे पुढे कधी गेलात तर सड्यावर कातळशिल्पं आहेत, उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काही ठिकाणी कुंपण नाही, हत्तीच्या चित्रावरून चाक गेलं तरी थांबवायला कोणी नाही, तेव्हा सायकल लांब ठेवून चालत जायचं. गडांवर पण सायकल नको. फणसाडसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय आत घुसायचं नाही.

गावातल्या पाखाड्या, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या उतरत्या वाटा, बघून हात शिवशिवतात. पण ती लोकांची घरची वाट आहे, तिथून आजी डोक्यावर हंडा घेऊन येत असते. विचारा, "काका, इकडून सायकल नेली तर चालेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि तुम्ही इंदूरचे आहात आणि मराठी बोलताय हे कळलं की पाणी, मग चहा, मग होळकरांपासून तुमचं मूळ गाव कुठलं इथपर्यंत चौकशी, तासभर धरून चाला. नारळ-सुपारीच्या वाडीत मात्र न विचारता जायचं नाही, आणि गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, सायकल उचलून टाकायची तर अजिबात नाही, एक चिरा निसटला की रचलेला गडगा ढासळतो.

घाट उतरायचा असेल तर

पहिल्या ट्रिपला नको, दुसऱ्या वेळी. पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी आणि खाली माणगाव हा सगळ्यात सरळ पर्याय, रविवार सोडून. सकाळी सातच्या आत घाटाच्या तोंडाशी पोचा. वर थांबून ब्रेक, चाकाचे अॅक्सल, हँडलचे बोल्ट हाताने तपासा, सीट खाली, जॅकेट घाला कारण घाम आलेला असतो आणि उतारावर वारा लागतो. आपल्या लेनच्या एकदम कडेला खडी असते, एकदम मध्ये एसटी असते, त्यामुळे कडेपासून तीन-चार फूट आत राहा. आंधळ्या वळणावर समोरून एसटीचा हॉर्न आला तर हिरोगिरी न करता डावीकडे थांबून घ्या, तो ड्रायव्हर रोज जातो आणि त्याला घाई असते. दर पाच-सात मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, हात झटका, डिस्कला बोट लावून बघू नका, भाजतं.

एकटे जाऊ नका. घाटात नेटवर्क जातं, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, गळ्यात शिट्टी ठेवा. १०८ ची अॅम्ब्युलन्स तिकडे पण आहे आणि आपल्याकडे पण, ११२ पण लक्षात ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधी घ्या.

परत आल्यावर

रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की आंघोळीच्या आधी सायकल. होमस्टेच्या विहिरीवरून दोन बादल्या गोडं पाणी, जोराचा पाइप नको, नुसतं ओतायचं, चेन-गिअर-ब्रेक सगळीकडून मीठ निघालं पाहिजे. फडक्याने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग चेनच्या प्रत्येक कडीला एकेक थेंब तेल आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. तेल स्प्रेचं घेऊ नका, बाटलीचं घ्या, स्प्रे उडून डिस्कवर गेला की ते पॅड कामातून गेले, सँडपेपरने घासून पण नीट होत नाहीत. आणि इंदूरला पोचल्यावर त्याच आठवड्यात हबची आणि हँडलची बेअरिंग मेकॅनिककडून उघडून ग्रीस करून घ्या, खारी हवा आत गेलेली असते, महिन्याभराने चाक फिरवलं की खरखर यायला लागते आणि तोपर्यंत बेअरिंग बदलायची वेळ आलेली असते.